पाच सामर्थ्यं आणि एक गोल वर्ग

"कडू कडू औषध, वाटीभर चांदणं,
एका घोटासरशी तापाचं पांगणं."

हा आवाज माझ्या आत्याचा. मी अकरा वर्षांचा होतो, गालगुंडांनी चेहरा भोपळ्यासारखा झाला होता, आणि आत्या उशाशी बसून, वाटी माझ्या ओठांशी नेत, जागच्या जागी रचलेलं हे गाणं म्हणत होती. तिला कशाचंही गाणं करता यायचं. दूध उतू गेलं की दुधाचं. शेजारणीशी बिनसलं की त्याचं, आणि त्याची तर चार-चार कडवी व्हायची. मी उजव्या कुशीवर निजलो होतो, म्हणून गाणं शिरलं ते डाव्या कानात. दुसऱ्या दिवशी ताप खरोखरच पांगला, आणि जाताना डाव्या कानाचं सगळं ऐकू येणं बरोबर घेऊन गेला. त्या कानात शेवटचं शिरलं ते हे औषधाचं कडवं. बाहेर पडायला वाट नसल्यामुळे ते अजून तिथंच असावं.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. बायकोला कळली तीही लग्नानंतर तीन महिन्यांनी. तोवर ती मला गंभीर स्वभावाचा समजत होती. बावीस वर्षांपूर्वी शाळेत भूगोल शिकवायला लागलो तेव्हा अर्जात एक ओळ होती, 'उमेदवार सर्व दृष्टींनी सक्षम आहे', आणि पुढे चौकोन. चौकोन दृष्टींबद्दल विचारतोय, कानांबद्दल नाही, अशी मनाची समजूत घालून मी खूण केली. एकदा खूण केल्यावर ती खोडायची कशी? पहिल्या वर्षी लाज वाटली, पाचव्या वर्षी भीती वाटली, आणि पुढे तर माझा कान आणि माझी नोकरी एकाच फाइलीत आहेत असंच वाटायला लागलं.

असो. उपमुख्याध्यापकाची जागा निघाली तिथून सांगतो.

जागेसाठी दोन अर्ज होते. एक चित्रकलेच्या बाईंचा, एक माझा. अर्ज चौदा पानी होता. त्यात 'वैयक्तिक नेतृत्व सामर्थ्ये (पाच), प्रत्येकी पुराव्यासह' असा एक भाग होता आणि 'वर्गातील विविधतेला प्रोत्साहन देणारा स्वतः राबवलेला उपक्रम' असा दुसरा. मी दोन दिवस पहिल्या भागापुढं बसून राहिलो. हस्ताक्षर आणि वक्तशीरपणा अशी दोन सामर्थ्यं सापडली. पुढं पेन चालेना.

वरच्या मजल्यावरचे काका आयुष्यभर एका कार्यालयात आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेले. अर्जाचा वास त्यांना जिन्यातून येतो. ते चष्मा पुसत आले आणि म्हणाले, "मास्तर, सामर्थ्य कधी स्वतः शोधू नये. दुसऱ्यांना विचारावं. म्हणजे चुकलं तर जबाबदारी त्यांची."

मग मी शाळेत विचारत सुटलो.

आमच्या शिक्षक-खोलीत माझी खुर्ची ठरलेली. डावीकडे गणिताचे सर, उजवीकडे चित्रकलेच्या बाई. गणिताच्या सरांनी विचारताक्षणी माझा हात हातात घेतला. "तुमच्याइतकं शांतपणे ऐकून घेणारा माणूस मी बघितला नाही," ते म्हणाले. "नऊ वर्षं मी तुम्हाला घरातलं सगळं सांगतोय. कधी मध्ये बोलला नाहीत, कधी सल्ला दिला नाहीत. नुसती मान हलवता. माझा संसार तुमच्या मानेवर टिकलाय." त्यांचे डोळे भरून आले. नऊ वर्षांत त्यांच्या घरी नेमकं काय झालं हे मला त्या क्षणीही माहीत नव्हतं. मी मान हलवली.

चित्रकलेच्या बाईंचं मत वेगळं होतं. "ऐकून घेता? तुम्ही? मी काहीही बोलले तरी तुमचं उत्तर तयारच असतं." त्यांची खुर्ची उजवीकडे होती, त्याला त्या काय करणार आणि मी तरी काय करणार. सगळी शिक्षक-खोलीच अशी माझ्यामुळे दोन तटांत विभागली आहे, डावीकडचे मला संत समजतात आणि उजवीकडचे भांडकुदळ, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा स्वच्छ दिसलं.

शिपाईमामांनी आणखी एक सामर्थ्य दिलं. "सर पोरांत भेदभाव करत नाहीत. मागं कुणी मांजराचा आवाज काढला तर दुसरे मास्तर बरोबर त्या पोराला धरतात. हे कुणालाच धरत नाहीत." ज्याला एकाच कानानं ऐकू येतं त्याला आवाज कळतो, पण तो कुठून आला ते कळत नाही. बावीस वर्षांत माझ्या वर्गात निघालेलं प्रत्येक मांजर निर्दोष सुटलेलं आहे. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तिसरं सांगितलं: मी फळ्याला चिकटून न राहता हात वर करणाऱ्या प्रत्येक मुलापाशी जातो, वाकतो, त्याचं बोलणं जवळून ऐकतो. त्यासाठी त्यांनी 'वैयक्तिक जिव्हाळा' हा शब्द सुचवला. मी उजवा कान न्यायला वाकत होतो.

संध्याकाळी बायकोनं यादी वाचली. ती भाजी निवडत होती, निवडता निवडताच म्हणाली, "पाचांपैकी तीन सामर्थ्यं म्हणजे तुमचा कानच आहे."

"पुरावे मात्र खरे आहेत."

"आता यंत्र बसवू नका. उमेदवारी जाईल."

ती हसली नाही. माझ्या घरात विनोद करणाऱ्या माणसानं हसायचं नाही असा रिवाज आहे, आणि त्यामुळे विनोद झाला की अपमान झाला हे कळायला मला नेहमी रात्रीपर्यंतचा वेळ लागतो.

उरला विविधतेचा उपक्रम. परिपत्रकात लिहिलं होतं, 'प्रत्येक विद्यार्थ्याला आपले स्थान समान आहे असे वाटले पाहिजे.' स्थान म्हणजे भूगोलाचाच विषय. मी सातवी 'ब' ची बसण्याची जागा दर आठवड्याला बदलायची ठरवलं, म्हणजे डावखुरे उजव्यांशेजारी, उंच बुटक्यांशेजारी, बडबडे मुक्यांशेजारी, घरी एक भाषा बोलणारे दुसरी बोलणाऱ्यांशेजारी बसतील. एकेचाळीस मुलं. घरी सूचना पाठवली: 'आपल्या पाल्यात काही वेगळेपण असल्यास कळवावे, म्हणजे आसनव्यवस्थेत त्याचा विचार करता येईल.'

चौथ्या दिवसापर्यंत चाळीस चिठ्ठ्या आल्या, आणि चाळिसांतही एकच मागणी होती: वेगळेपणामुळे पाल्याला पहिल्या बाकावर बसवावे. एकाची नजर कमजोर म्हणून, एकाची फार तीक्ष्ण म्हणून. मागून त्याला सगळ्यांच्या वह्या दिसतात. एक लाजाळू म्हणून पुढे, एक धीट म्हणून पुढे. एका वडिलांनी लिहिलं होतं, 'आमच्या मुलात काहीच वेगळे नाही, आणि इतक्या वेगळ्या मुलांत तोच एक वेगळा पडत असल्यामुळे त्याला पुढे बसवावे.' पहिल्या रांगेत जागा सहा.

मी काकांकडे गेलो. त्यांनी चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या, टाचणी मारली आणि म्हणाले, "बाकं गोल मांडा. गोलाला पहिलं-शेवटचं नसतं. तक्रार करायला जागाच उरत नाही."

हा सल्ला इतका सोपा होता की मला त्याचा संशय यायला हवा होता.

आमची बाकं जमिनीला स्क्रूनं बसवलेली आहेत. एके काळी ती सुटी होती आणि हळूहळू शाळेतून चालत गेली, म्हणून राहिलेली पक्की केली. मी सुतार घेऊन गेलो. सुतारानं पहिल्या बाकाखाली डोकं घातलं आणि तेवढ्यात शाळेचे कारकून धावत आले. "हात लावू नका. ही बाकं स्थावर आहेत." जमिनीला जोडलेली वस्तू इमारतीचा भाग होते, आणि इमारत बांधकाम विभागाची. बांधकाम विभागात गेलो तर तिथले बाबू म्हणाले, भिंत पाडायची असेल तर आमच्याकडे नमुना आहे; बाक सोडवायचा नमुना नाही. तुम्ही भिंत पाडण्याचा अर्ज करून शेऱ्यात बाक लिहा. मी तसं केलं. मग एक मनुष्य टेप घेऊन सातवी 'ब' ची भिंत मोजून गेला. आठ दिवस वर्गात अफवा होती की शाळा पडणार आहे, आणि त्या आठवड्यात हजेरी उत्तम होती.

शेवटी परवानगी आली. बाकं पंधरा दिवस 'सोडवलेल्या अवस्थेत' ठेवता येतील. त्या काळात ती स्थावरही नाहीत आणि जडवस्तू नोंदवहीतही नाहीत. सबब त्यांचे स्क्रू अर्जदाराने व्यक्तिशः सांभाळावेत. एकवीस बाकं, बाकाला आठ, एकशे अडुसष्ट स्क्रू. पंधरा दिवस मी ते बिस्किटांच्या डब्यात घालून घरून शाळेत आणि शाळेतून घरी नेत होतो. चाललो की मी वाजायचो. रस्त्यावरची माणसं वळून बघायची, आणि मी दुसरंच कुणीतरी वाजतंय अशा चेहऱ्यानं पुढं जायचो.

शनिवारी दुपारी सुतार, मामा आणि मी, तिघांनी बाकं मांडली. खोली लांबट असल्यामुळे गोल अंड्यासारखा झाला. तरी सुंदर दिसत होता. उन्हाचा एक पट्टा खिडकीतून येऊन बाकांवर टेकला होता. रिकाम्या जागांवर कुणीतरी आधीच येऊन बसलंय असं वाटावं. मामा म्हणाले, "सर, तुम्ही कुठं उभं राहायचं?"

"मधोमध," मी म्हणालो.

आणि म्हणताना माझा हात डाव्या कानाकडे गेला.

बावीस वर्षं धडा सांगताना मी वर्गात एकाच जागी उभा राहत आलो होतो: माझ्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात, खिडकीला खेटून. डावीकडे भिंत आणि उजवीकडे सगळा वर्ग. भिंतीला मला काही विचारायचं नसे. माझी सगळी नोकरी त्या कोपऱ्यावर उभी होती. आणि आता सर्वांना समान स्थान देण्याच्या नादात मी स्वतःच्या हातानं, लेखी परवानगी काढून, अर्धा वर्ग माझ्या बहिऱ्या बाजूला नेऊन बसवला होता.

सोमवारी पहिल्या पाच मिनिटांत उपाय सुचला. मी फिरायला लागलो. एक वाक्य झालं की थोडं वळायचं, दुसरं झालं की आणखी थोडं. असा उजवा कान आळीपाळीनं सगळ्या वर्गावरून जायचा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे मी इतकी वर्षं नुसतं सांगत होतो. आता करून दाखवत होतो. तिसऱ्या तासाला फळा माझ्या मागोमाग फिरू लागला आणि मला खडूची पेटी धरून उभं राहावं लागलं.

मोठ्या बाई दारातून हे बघत होत्या. दुपारी त्यांनी सूचनावहीत लिहिलं, 'सातवी ब मध्ये शिक्षक संपूर्ण वर्गाकडे समान लक्ष देतात. इतरांनी अनुकरण करावे.' गुरुवारपर्यंत तीन वर्गांत शिक्षक फिरत होते. त्यांचे वर्ग गोल नव्हते, त्यामुळे अर्धा वेळ ते फळ्याला शिकवत. विज्ञानाच्या सरांना घेरी आली आणि ते दोन दिवस रजेवर गेले. त्यांच्या रजेच्या अर्जात कारण म्हणून माझं नाव होतं. चित्रकलेच्या बाई मात्र फिरल्या नाहीत. "कशासाठी फिरायचं ते सांगा, मग फिरते," त्या म्हणाल्या. उजवीकडून म्हणाल्या, म्हणून मला ऐकावं लागलं.

आता 'नवी'बद्दल. ज्या एका घरून चिठ्ठी आली नव्हती ते तिचं घर. ती सत्र अर्ध्यावर असताना आली होती, म्हणून वर्गानं तिला 'नवी' म्हटलं आणि तेच चिकटलं. तिची आई रुग्णालयात परिचारिका. बदली झाली की दोघी निघायच्या. ही नवीची पाचवी शाळा. तिचा हेल वेगळा होता. वाक्याच्या शेवटी आवाज जरासा वर जायचा, जणू प्रत्येक वाक्याला एक खिडकी ठेवली आहे. पहिल्या दिवशी तिनं हजेरी दिली आणि वर्ग हसला. तेव्हापासून ती हळू बोलायची. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवल्या होत्या. तिला आली ती खिडकीच्या बाजूची, आणि एकेचाळीस मुलांत जे एक आसन रिकामं उरतं ते तिच्याच शेजारी.

दुसऱ्या सोमवारी शाळा सुटताना एक बाई माझ्या समोर येऊन उभ्या राहिल्या. अंगावर परिचारिकेचा गणवेश, खांद्याला पिशवी, ड्यूटीला निघालेल्या.

"सर, मी तिची आई," त्या म्हणाल्या. "मला वेळ थोडा आहे. तुम्ही माझ्या मुलीला उत्तर का देत नाही?"

"कशाचं उत्तर?"

"ती रोज तुम्हाला काहीतरी विचारते. तुम्ही तिच्या बाकापाशी येता तेव्हा. आज सहावा दिवस. रोज घरी येऊन सांगते, आजही सरांनी उत्तर दिलं नाही. मी तिच्या वर्गातल्या दोघी-तिघींना विचारलं. त्या म्हणाल्या, खरं आहे, ती विचारते आणि सर पुढं निघून जातात."

माझ्या हातातला डबा वाजला. मी तो छातीशी धरला. "काय विचारते ती?"

"ते तुम्हीच ऐकायला हवं होतं ना. मला सांगत नाही. म्हणते, सरांनाच विचारायचंय." त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "आमचं बोलणं वेगळं आहे, मला माहितेय. चार शाळांत पोरं हसली, ते मी समजून घेतलं, पोरंच ती. उत्तर द्यायचं नसेल तर नाही म्हणा सर. पण ऐकलंच नाही असं दाखवू नका. पहिल्या शाळेत ती दिवसाला वीस प्रश्न विचारायची. आता एक विचारते. तोही बंद झाला की मग मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'शिक्षकांकडून वेगळी वागणूक.'

मोठ्या बाईंनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर डावीकडे माझा विविधतेच्या उपक्रमाचा अहवाल होता, उजवीकडे हा अर्ज. "विविधतेच्या उपक्रमात भेदभावाची तक्रार," त्या म्हणाल्या. "ही नेमकी कुठल्या नोंदवहीत घ्यायची? शुक्रवारी तपासणीला शिक्षण विभागाचे साहेब येतायत. तुमच्या जागेचं त्यांच्याच हातात आहे. तिनं विचारलेला प्रश्न काय ते कळलं तर मिटवता येईल."

नवीला बोलावलं. ती येऊन उभी राहिली, वेणीचं टोक हातात धरून.

"काय विचारायचंय तुला सरांना?"

"सरांनाच विचारीन."

"बरं, लिहून दे."

"लिहिण्यासारखं नाही, बाई."

मी तिच्याकडे बघत होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मला वाटलं, ही मला घाबरते. बावीस वर्षांत माझ्या वर्गातलं मांजरसुद्धा मला घाबरलं नव्हतं.

त्या दोन दिवसांत मला पुष्कळ सल्ले मिळाले. काकांनी सांगितलं, उत्तर आधी लेखी देऊन टाका, प्रश्न मागाहून जोडता येतो. गणिताच्या सरांनी माझ्या डावीकडे बसून बराच वेळ काहीतरी समजुतीचं सांगितलं; मला बरं वाटलं. मामा म्हणाले, पोरीला रजेवर ठेवा शुक्रवारी. हे शेवटचं मी मनात घोळवून पाहिलं, हे कबूल करतो. तेवढ्यापुरता तरी मी चांगला माणूस नव्हतो.

शुक्रवारी सकाळी बायको डबा भरत होती. मी म्हणालो, "सांगितलं तर बावीस वर्षांपूर्वीची खूण निघेल. जागा तर जाईलच, चौकशीही लागेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर ती मुलगी जाईल."

बायकोनं झाकण लावलं, डबा माझ्या पुढ्यात ठेवला. "लग्नानंतर तीन महिने मला वाटत होतं, या माणसाला मी आवडत नाही," ती म्हणाली. "अंधारात काहीबाही बोलायची मी. तुम्ही कूससुद्धा बदलायचा नाही. मी मोठी होते, नोकरी करत होते, तरी रडायची. ती बारा वर्षांची आहे." एवढं बोलून ती पोळ्या करायला वळली. हा विनोद नव्हता, हे कळायला मला रात्रीपर्यंतचा वेळ लागला नाही.

साहेब साडेदहाला आले. बरोबर मोठ्या बाई, आणि तक्रार ऐकून घ्यायची म्हणून नवीची आई. साहेब उंच, सावकाश बोलणारे, आणि वर्गात रिकामं आसन एकच असल्यामुळे ते जाऊन नवीशेजारी बसले. गुडघे बाकात मावेनात, म्हणून त्यांनी ते बाहेर काढून ठेवले. त्यांच्या हातात माझा अर्ज होता.

मी वाऱ्यांवरचा धडा सुरू केला. वळत होतो. मुलं उत्तरं देत होती, सगळं नीट चाललं होतं. मोसमी वारे आले, व्यापारी वारे आले. मग मी फळ्याकडे पाठ करून थांबलो आणि हात मागं नेऊन फळ्यावरच्या नकाशात एक दिशा दाखवली. बोलता बोलता जाणवलं की समोरची मुलं नकाशाकडे बघत नाहीत. ती माझ्याकडे बघतायत. मग माझ्या डावीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. सगळा वर्ग गप्प होता, आणि ती शांतता माझ्या ओळखीची होती. कुणीतरी काहीतरी विचारलं होतं आणि सगळे उत्तराची वाट बघत होते.

मी वळलो. साहेबांचं तोंड नुकतंच मिटत होतं. त्यांचा एक हात अजून वर होता. मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी तीनदा विचारलं," साहेब म्हणाले.

दारापाशी नवीच्या आई उभ्या होत्या. आता त्या माझ्याकडे रागानं बघत नव्हत्या. एखादा रोगी तपासताना बघावं तसं, डोकं किंचित कलतं करून बघत होत्या.

मला अर्जातल्या ओळी आठवायला हव्या होत्या, एखादं सामर्थ्य हाताशी यायला हवं होतं. मला फक्त अंधारात बोलणारी बायको आठवत होती आणि दिवसाला वीसवरून एकावर आलेले प्रश्न.

"मला डाव्या कानानं ऐकू येत नाही," मी म्हणालो. "अजिबात नाही. अकराव्या वर्षापासून. नोकरीच्या अर्जात लिहिलं नाही, कुणाला सांगितलंही नाही." मग साहेबांना सोडून मी नवीच्या आईकडे वळलो. "ती खिडकीच्या बाजूला बसते, आणि वह्या बघत तिथं आलो की मी जुन्या सवयीनं डावी बाजूच खिडकीकडे ठेवतो. तिनं विचारलेलं मला एकदाही ऐकू आलं नाही. तिच्या बोलण्याचा त्यात काहीही दोष नाही. दोष मी न सांगण्याचा आहे."

भिंतीशी एका मुलाच्या तोंडून "म्हणून फिरतात होय" एवढं निघालं, आणि शेजारच्यानं त्याला कोपर मारलं. कुठून निघालं ते मला अर्थातच कळलं नाही. पुढं वर्गानंच सांगितलं.

साहेबांनी माझ्या अर्जाची पानं उलटली. बराच वेळ उलटली. "हे या अर्जात कुठं नमूद केलंय?"

"तीन ठिकाणी," मी म्हणालो.

त्यांनी सामर्थ्यांचं पान काढलं. वाचलं. शांतपणे ऐकून घेणे. भेदभाव न करणे. वैयक्तिक जिव्हाळा. त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी झालं, पण ते अधिकारी होते, त्यांनी ते परत घेतलं. पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "हे मला वर कळवावं लागेल."

"कळवा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच हलका वाटला.

नवीच्या आई आत आल्या. मुलीच्या बाकापुढं वाकून म्हणाल्या, "ऐकलंस ना बाळा? सरांना ऐकू येत नव्हतं. आता विचार काय विचारायचं होतं ते. या बाजूनं ये, त्यांच्या उजवीकडून."

नवी उठली. साहेबांनी गुडघे आत घेऊन तिला वाट दिली. गोल ओलांडून ती सावकाश माझ्या उजव्या अंगाला आली, वेणीचं टोक हातात तसंच. मी वाकलो. तिनं आईकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, एकदा सगळ्या वर्गावरून नजर फिरवली.

"आता विचारायचं राहिलंच नाही," ती म्हणाली.

"का गं?"

"मी तेच विचारत होते, सर. तुम्हाला या बाजूनं ऐकू येत नाही का म्हणून. आमच्या आजोबांचं असंच होतं, ते पण असेच गोल वळायचे." तिचा आवाज वाक्याच्या शेवटी जरासा वर गेला, आणि या वेळी कुणी हसलं नाही. "मोठ्यानं विचारलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं ना."